बॅरन बेट : धुमसत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी स्कूबा डायव्हिंग

अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा भारताच्या हद्दीतील एकमेव सक्रिय ज्वालामुखी होय. अंदमान व निकोबारची राजधानी असलेल्या श्री विजयपुरमच्या (सप्टेंबर २०२४ पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटर अंतरावर हे बेट आहे. त्याचा व्यास जेमतेम तीन किलोमीटर असून त्यावर मनुष्यवस्ती नाही आणि पर्यटकांना तेथे उतरण्याची मुभाही नाही. असे असूनही देशातील अनुभवी पाणबुड्यांमध्ये या बेटाचे नाव आवर्जून घेतले जाते. बेटाभोवतीचे पाणी विलक्षण नितळ आहे आणि लाव्हारस गोठून बनलेल्या काळ्या कड्यांवर तेथे प्रवाळाची दाट वाढ आढळते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आठवडाभराच्या अंतराने या ज्वालामुखीचे दोन उद्रेक झाले आणि बेट पुन्हा चर्चेत आले. आग ओकणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी, तेही पाण्याखाली, माणसाने उतरावे काय, हा प्रश्न त्यानिमित्ताने विचारला गेला. त्याचे उत्तर शोधताना ज्वालामुखीइतकाच समुद्राचा आणि पाणबुड्याच्या शरीराचाही विचार करावा लागतो.

समुद्रतळापासून उठलेला पर्वत

बोटीतून दिसते ते बॅरन बेट म्हणजे एका मोठ्या पर्वताचा केवळ माथा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३५० मीटर भरते. परंतु पर्वताचा पाया त्याखाली दोन हजार मीटरहून अधिक खोल समुद्रतळावर टेकलेला आहे. भारतीय भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेस शेजारच्या भूपट्टाखाली सरकत आहे. खोल गेलेल्या या पट्टातून पाणी व वायू बाहेर पडतात, त्यांमुळे वरचा खडक अंशतः वितळतो आणि तो शिलारस वर येऊन ज्वालामुखी तयार होतात. सुमात्रा आणि जावा येथील ज्वालामुखींच्या रांगेचेच हे उत्तरेकडील टोक आहे. बॅरनच्या उत्तरेस असलेले नारकोंडम बेटही याच रांगेतले. मात्र ते निद्रिस्त असून वनराईने झाकलेले आहे व केवळ तेथेच आढळणाऱ्या धनेश पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहे.

बॅरन बेटाचा आकार कडा तुटलेल्या वाडग्यासारखा आहे. प्राचीन ज्वालामुखीचा मधला भाग खचून सुमारे दोन किलोमीटर रुंदीची द्रोणी निर्माण झाली आणि तिच्या मध्यभागी राखेचा व दगडगोट्यांचा नवा शंकू उभा राहिला. द्रोणीची भिंत पश्चिमेला फुटलेली आहे. त्यामुळे शंकूतून निघालेला लाव्हारस बहुधा याच खिंडारातून समुद्राकडे वाहतो. पाणबुड्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण बेटाची कोणती बाजू जुनी व कोणती नवी, हे त्यावरून कळते.

इंग्रजीत ‘बॅरन’ म्हणजे उजाड. शंकूचा परिसर तसा आहे खरा. पण द्रोणीच्या बाहेरील उतारांवर झाडी आहे, पक्षी आहेत, वटवाघळे आहेत. एकोणिसाव्या शतकात जहाजांनी सोडलेल्या शेळ्यांचे वंशजही तेथे रानटी होऊन जगत आल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. बेटावरील सर्वांत जुन्या उघड्या लाव्हाथरांचे वय सुमारे १६ लाख वर्षे मानले जाते. महाराष्ट्राचा काळा कातळ, म्हणजेच दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या हिशेबाने सह्याद्रीच्या मानाने बॅरन हे कालचे पोर ठरते. सह्याद्रीच्या कातळावर चालणाऱ्याला तो कातळ एकेकाळी वाहत होता, हे पुस्तकातून समजून घ्यावे लागते. बॅरनजवळ ते डोळ्यांना दिसते.

चोळांचा समुद्र, ब्लेअरची नोंद

या समुद्राशी दक्षिण भारताचा संबंध पुरातन आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम हे नगर तंजावरच्या मराठी राजवटीमुळे महाराष्ट्राला परके नाही. त्याच्या लगतचे पळैयारै हे चोळ राजांचे निवासस्थान होते. अकराव्या शतकात राजेंद्र चोळाच्या आरमाराने बंगालचा उपसागर ओलांडून श्रीविजय साम्राज्यावर स्वारी केली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखात या मोहिमेतील स्थळांची जंत्री असून तीत ‘मानक्कवारम्’ हे नाव येते. इतिहासकार ते निकोबार मानतात. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नामांतर करताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी ही बेटे एकेकाळी चोळांचा नाविक तळ होती, असा उल्लेख केला होता. धुमसणाऱ्या बेटाचा मात्र त्या जंत्रीत पत्ता नाही.

बॅरनच्या उद्रेकांच्या लेखी नोंदी १७८७ पासून सुरू होतात. ज्यांच्या नावाने पोर्ट ब्लेअर ओळखले गेले, त्या आर्चिबाल्ड ब्लेअर यांनी १७८९ मध्ये बेटाजवळ जाऊन उद्रेकाचे वर्णन लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर ज्वालामुखी शांत झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एफ. आर. मॅलेट यांनी १८८५ मध्ये बॅरन आणि नारकोंडम यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा बेट निवांत होते. ही शांतता शंभर वर्षांहून अधिक काळ टिकल्याने ज्वालामुखी विझला असावा, असे मानले जाऊ लागले होते.

१९९१ च्या वसंतात तो समज खोटा ठरला. कित्येक महिने चाललेल्या त्या उद्रेकात लाव्हारसाचा प्रवाह थेट समुद्रात उतरला. १९९४-९५ मध्ये पुन्हा तेच घडले. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर पाच महिन्यांनी, मे २००५ मध्ये, ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. भूकंप आणि उद्रेक यांत कार्यकारणसंबंध होता की नाही, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तेव्हापासून लहानमोठ्या विरामांनंतर त्याचे धुमसणे चालूच आहे.

यांपैकी २०१७ ची नोंद गोव्याच्या वाटेने आली. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधू संकल्प’ या संशोधन नौकेवरून बॅरनजवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करीत होते. २३ जानेवारीच्या दुपारी ज्वालामुखीतून अकस्मात राख उसळू लागली. नौका सुमारे एक मैल दूर नेण्यात आली आणि तेथून निरीक्षण सुरू राहिले. पाच ते दहा मिनिटांच्या आवर्तनांत उद्रेक होत होते. दिवसा केवळ राखेचे ढग दिसत. सूर्यास्तानंतर मात्र मुखातून उडणारे लाल लाव्हारसाचे फवारे आणि उतारावरून वाहणारे ओघळ दिसू लागले. नेमका हा तपशील पाणबुड्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बोटी बहुधा दिवसाउजेडी बेटाजवळ असतात आणि भर उन्हात निव्वळ धुराची रेघ वाटणारा डोंगर प्रत्यक्षात तप्त खडक फेकत असू शकतो.

पाण्याखालचे जग

अंदमानचे पाणी मराठी मनात ‘काळे पाणी’ म्हणून रुतलेले आहे. बॅरनच्या किनाऱ्यावरची वाळू खरोखरच काळी आहे. ती ज्वालामुखीच्या खडकाचा व राखेचा चुरा होय. पाणी मात्र अत्यंत स्वच्छ असते. चांगल्या दिवशी पाण्याखाली २५ ते ३० मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही लांबचे दिसते. बेटावर नदी नाही, शेती नाही, गाव नाही. त्यामुळे गाळ व सांडपाणी समुद्रात येत नाही. शिवाय किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होत असल्याने बाहेरील महासागराचे पाणी सतत खेळते राहते.

कोकणात सिंधुदुर्ग किल्ल्यालगत बुडी मारलेल्यांना हा फरक चटकन उमगेल. मालवणचा समुद्र उथळ आहे, नद्यांचा गाळ तेथे येतो आणि बऱ्याच दिवशी काही मीटरपलीकडचे दिसत नाही. तेथील प्रवाळही महत्त्वाचे आहे. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य त्याची साक्ष देते. पण मालवणला पाणबुड्याच्या पायांखाली तळ असतो. बॅरनच्या कड्यालगत खाली पाहिले तर निळे पाणी गडद होत जाते आणि तळ नावाची गोष्ट दिसतच नाही.

कड्यांची रचना हे येथील मुख्य आकर्षण आहे. समुद्रात शिरताना लाव्हारस एकदम थिजतो आणि त्याच्या धारदार वळ्या, कमानी, घळी व खडबडीत ढिगारे तयार होतात. जुन्या भागांवर टेबलासारखे सपाट पसरणारे, फांद्यांचे आणि गोल दगडासारखे प्रवाळ वाढलेले असते. खोलीवर समुद्रपंखे दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर त्यांचे रंग अधिक उठून दिसतात, असे छायाचित्रकार सांगतात. माशांचे थवे, मुशी आणि कोकणात ज्यांना पाकट म्हणतात त्या कुळातील प्रचंड आकाराचे मांटा येथे भेटतात. अर्थात समुद्र हे काही प्राणिसंग्रहालय नव्हे. मांटा दिसेलच, अशी हमी देणाऱ्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करावे.

लाव्हारसावर प्रवाळ

सर्वसाधारण समज असा की ज्वालामुखी जागा झाला की भोवतालचे प्रवाळ कायमचे नष्ट होते. पहिला अर्धा भाग खरा आहे. समुद्रात उतरलेला लाव्हारस वाटेतले सारे जाळून गाडून टाकतो. राखेचा थर प्रवाळाचा श्वास कोंडतो. परंतु थंड झालेला लाव्हारस म्हणजे घट्ट, स्वच्छ, चिखलविरहित नवी जमीन असते. प्रवाळाची पोहणारी सूक्ष्म पिल्ले अशाच टणक पृष्ठभागाच्या शोधात असतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा इंडोनेशियातील बांदा बेटांवर मिळाला. तेथील गुनुंग आपी या ज्वालामुखीचा १९८८ मध्ये उद्रेक होऊन लाव्हारस समुद्रात गेला. अवघ्या पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हा लाटांपासून सुरक्षित असलेल्या त्या लाव्हावर प्रवाळाच्या १२४ जाती आढळल्या आणि निम्म्याहून अधिक पृष्ठभाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. काही टेबलप्रवाळांचा व्यास ९० सेंटिमीटरच्याही पुढे गेला होता. हवाईमध्ये हेच काम पुष्कळ सावकाश होते. तेथे लाव्हावर प्रवाळवस्ती पूर्ववत होण्यास वीस ते पन्नास वर्षे लागत असल्याचा निष्कर्ष १९७४ मध्ये मांडण्यात आला होता. लाटांचा मारा, पाण्याचे तापमान आणि मुख्य म्हणजे जवळपास निरोगी प्रवाळ शिल्लक आहे की नाही, यावर हा वेग अवलंबून असतो. पिल्ले आली तरच वस्ती होणार.

बॅरनच्या बाबतीत खरी चिंता येथेच आहे. एक उद्रेक बेटाची एक बाजू जाळतो. उरलेल्या बाजू शाबूत राहतात व त्याच पुढे नव्या लाव्हाला बीज पुरवतात. तापलेला समुद्र मात्र कोणतीच बाजू सोडत नाही. पाण्याचे तापमान नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाददुसऱ्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शेवाळाला बाहेर टाकते, पांढरे पडते आणि पाणी वेळेत निवळले नाही तर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानच्या प्रवाळाला हा फटका बसला. त्यांपैकी २०१० चा आघात फार मोठा होता. ज्वालामुखीशी जुळवून घेण्याची सवय प्रवाळाला लक्षावधी वर्षांची आहे. वर्षागणिक तापत जाणाऱ्या समुद्राची सवय त्याला नाही.

धोका नेमका कोणता?

लाव्हारस समुद्राच्या पाण्यास भिडतो तेव्हा वाफेचे जे पांढरे लोट उठतात, ते दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचे तुषार व काचेसारखे सूक्ष्म कण असतात. पाण्याखाली स्फोट होऊन खडकाचे तुकडे वर फेकले जातात. हवाईमध्ये जुलै २०१८ मध्ये असाच एक धगधगता दगड पर्यटकांच्या बोटीचे छप्पर फोडून आत पडला आणि २३ जण जखमी झाले. न्यूझीलंडमधील व्हाइट आयलंड या ज्वालामुखी बेटावर डिसेंबर २०१९ मध्ये पर्यटक प्रत्यक्ष मुखाजवळ असताना उद्रेक होऊन २२ जणांचा मृत्यू झाला. बॅरनवर उतरण्यास असलेली मनाई काही हौशी मंडळींना जाचक वाटते. या दोन घटना पाहता ती योग्यच म्हणावी लागेल.

तथापि बॅरनच्या फेरीत पाणबुड्याला अधिक संभाव्य धोका आगीचा नसून हवेचा आहे. पाठीवरच्या टाकीला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते, ते चूक आहे. तीत आपण श्वासावाटे घेतो तीच साधी हवा गाळून, दाबून भरलेली असते. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि हवाही चौपट वेगाने संपते. अकरा-बारा लिटरच्या भरलेल्या टाकीवर पृष्ठभागावर सुमारे दोन तास श्वास घेता येईल, पण तीस मीटरवर राखीव साठा सोडला तर वीसेक मिनिटेच हाती उरतात. शिवाय दाबामुळे हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. वर येण्याची घाई केली, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे शरीरात होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते.

तळ असलेल्या जागी बेसावध पाणबुड्या फार तर वाळूवर टेकतो. बॅरनच्या उभ्या कड्यालगत त्याला कोणी अडवत नाही. पाणी नितळ असल्याने खोली उमगत नाही आणि मनगटावरच्या संगणकाकडे लक्ष नसेल, तर मौजेखातर उतरणाऱ्यांसाठी ठरवलेली ४० मीटरची मर्यादा नकळत ओलांडली जाते. म्हणूनच येथे येण्याआधी पाण्यात अधांतरी स्थिर राहण्याचे कसब अंगी बाणलेले असणे आवश्यक मानले जाते. पहिली बुडी मारण्याची ही जागा नव्हे.

त्यात अंतराची भर पडते. स्वराज द्वीप (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक) येथून बॅरन सुमारे १०० किलोमीटर आहे. दहा नॉटच्या वेगाने जाणाऱ्या बोटीला पाच ते सहा तास लागतात. वाटेत मोबाइल चालत नाही आणि बेटावर मदत करणारे कोणी नाही. नायट्रोजनबाधा झालेल्यास दाबकक्षात ठेवून उपचार करावे लागतात. अशा वेळी राजधानीपर्यंतचा प्रवास अटळ ठरतो. बोटीवर पुरेसा शुद्ध ऑक्सिजन आहे काय, हा प्रश्न प्रवाशाने निघण्यापूर्वीच विचारावा. मांटाची चौकशी त्यानंतर केली तरी चालेल.

परवानगी, हंगाम आणि तयारी

बॅरन बेट अभयारण्य असल्याने तेथे जाण्यासाठी वन खात्यासह प्रशासनाची परवानगी लागते. परिसरावर तटरक्षक दल व नौदलाची नजर असते. ज्वालामुखीची हालचाल वाढली की फेऱ्या रद्द होतात. असे झाल्यास वाद घालण्यात अर्थ नसतो. राखेच्या ढगांविषयीचे इशारे विमानांसाठी ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्र देते आणि उपग्रहांच्या उष्णतानोंदीही उपलब्ध होतात. आपल्या बोटीचा चालक त्यांवर लक्ष ठेवतो की नाही, हे विचारून घेणे चांगले.

समुद्र शांत असण्याचा काळ सर्वसाधारणपणे जानेवारी ते एप्रिल हा आहे. मे महिन्यापासून नैऋत्य मोसमी वारे आणि वर्षाअखेरीस उपसागरातील वादळे यांमुळे छोट्या बोटींचा एवढा लांबचा प्रवास धोक्याचा होतो. प्राथमिक प्रशिक्षणानंतर १८ मीटर व पुढील टप्प्यानंतर ३० मीटर खोलीपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. महाराष्ट्रात तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभारली असून हे धडे कोकणातच गिरवता येतात. बॅरनसाठी दुसरा टप्पा आणि त्यानंतरच्या बऱ्याच बुड्यांचा अनुभव गाठीशी असावा.

परतीचे विमान ठरवताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. विमानात हवेचा दाब कमी असल्याने शरीरात उरलेला नायट्रोजन तेथेही बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. लागोपाठ अनेक बुड्या मारल्या असतील, तर शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असे तज्ज्ञ सांगतात. त्यामुळे बॅरनहून परतलेल्या पाणबुड्यांचा अखेरचा दिवस बहुधा श्री विजयपुरम येथे जमिनीवरच जातो, आणि मराठी प्रवासी तो सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहण्यात घालवतात.